बिदर: जांभ्याच्या पोटातलं शहर

माळरान (धागालेखक)

दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हापासून 'बेदरचा बादशहा' हे शब्द डोक्यात बसले होते. मंगळवेढ्याला दुष्काळात दामाजींनी सरकारी धान्य लोकांना वाटून टाकलं, बादशहाने त्यांना पकडून आणायला शिपाई पाठवले, आणि ते पोचायच्या आत विठू महार बेदरच्या दरबारात मोहरांची थैली ओतून पावती घेऊन गेला. आजी हे सांगायची तेव्हा बेदर म्हणजे दिल्लीइतकंच लांब असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात ते आमच्या उदगीरच्या शेजारी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तोवर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. घरातल्या जुन्या कागदांवर अजून 'जिल्हा बिदर' वाचायला मिळतं.

गेल्या काही वर्षांत बिदरला बऱ्याच वेळा जाणं झालं. पहिल्या दोन-तीन खेपांना मी सगळे पाहतात तसे महाल, घुमट, दरवाजे पाहिले. नंतर एकदा पावसाळा संपता संपता गेलो आणि पायाखालच्या दगडाकडे लक्ष गेलं. बिदरचं खरं बांधकाम या दगडाने ठरवलंय, हे तेव्हा कळलं. तेच इथे मांडतो.

मराठवाड्यातून येताना काळी माती, काळा पत्थर बघत येतो आपण. बिदरच्या पठारावर चढलं की जमीन एकदम लाल होते. हा जांभा. खाली नेहमीचा काळा दगड आहेच, त्याच्यावर जांभ्याची जाड टोपी बसलेली आहे. जांभा सगळा छिद्राछिद्रांचा. पावसाचं पाणी त्यात झिरपतं, खालच्या चिकट थरावर अडतं, आडवं सरकत जातं आणि पठाराच्या कडेला वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर पडतं. बिदरला येणारा भाविक ज्या ज्या ठिकाणी जातो ती पाण्याशी का जोडलेली आहेत, ते इथे समजतं. नरसिंह झिऱ्याला लांबलचक भुयारातून छातीभर पाण्यात चालत देवापर्यंत जावं लागतं. पापनाशला शंकराच्या देवळाशी झरा आहे. गुरू नानक सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे आले तेव्हा त्यांनी पाणी काढून दिलं अशी शिखांची श्रद्धा आहे, आणि त्या झऱ्याशी आज नानक झिरा साहिब हा मोठा गुरुद्वारा उभा आहे. (गुरू गोविंदसिंगांच्या पंज प्याऱ्यांपैकी, म्हणजे पहिल्या पाच खालसा शिष्यांपैकी, भाई साहिब सिंग हे बिदरचे.) एका पठाराच्या एकाच पाण्याला तीन परंपरांनी हात जोडले, हे मला फार आवडतं.

आता किल्ला. बहमनींची राजधानी आधी गुलबर्ग्याला होती. अहमदशहा वली १४२२ साली गादीवर आला आणि त्याने ती बिदरला हलवली. शिकारीत कोल्हा कुत्र्यांवर उलटला म्हणून जागा निवडली, ही गोष्ट इथेही सांगतात; अशी गोष्ट अनेक गावांची आहे. मला वाटतं त्याला पठाराचं टोक दिसलं असावं. उत्तरेला आणि पूर्वेला जमीन खाली कोसळते, मांजरेच्या खोऱ्यापर्यंत नजर जाते. त्या बाजूंनी निसर्गाने निम्मं काम केलेलं आहे. उरली ती पठाराची सपाट बाजू, जिथून सैन्य सरळ चालत येऊ शकतं. तिथे त्यांनी तिहेरी खंदक खोदला. खोदला म्हणण्यापेक्षा कोरला. तीन खंदक शेजारी शेजारी, आणि मधल्या दोन भिंती बांधलेल्या नाहीत, खडक न कोरता तसाच उभा सोडलेला आहे. एका खंदकातून वर आलेल्या माणसाला लगेच दुसऱ्यात उतरायचं, मग तिसऱ्यात, आणि पुढे तट. तटाकडे बघितलं तर तोच लाल दगड. म्हणजे खंदक हीच खाण होती असं मी धरून चाललो आहे. कठीण काळ्या पत्थरात एवढं काम पिढ्यानपिढ्या चाललं असतं. इथे किल्ला १४३२ च्या सुमाराला उभा राहिला.

काळा दगडही वापरलाय, पण राखून. चौकटी, कमानींच्या कडा, नक्षीच्या पट्ट्या, जिथे धार हवी तिथे. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही. त्यामुळे भिंतीचं अंग लाल, खडबडीत, वर चुन्याचा गिलावा, आणि कडांना गुळगुळीत काळी रेघ. हे एकदा लक्षात आलं की बिदरची कुठलीही पडकी इमारत वाचता येते.

जांभ्याचं तिसरं काम डोळ्याला दिसतच नाही. ते म्हणजे करेझ. पठाराच्या उंच भागात एक मूळ विहीर, तिथून जमिनीखालून अगदी बेताच्या उताराचा बोगदा, आणि ठरावीक अंतरावर वर उघडणारे उभे झरोके. खोदताना माती-दगड याच झरोक्यांतून वर काढायचा, नंतर हवा आणि उजेड यांतूनच. पाणी उपसायचं नाही, ते आपल्या चालीने गावात येतं. ही इराणी विद्या. बहमनी दरबारात इराणातून आलेली माणसं भरपूर होती, त्यांनी ती आणली. इराणात हे बोगदे गाळाच्या जमिनीतून जातात, इथे खडकातून गेले, आणि खडकही असा की कुदळीने निघतो आणि निघाल्यावर उभा राहतो. गावाबाहेरच्या नौबादच्या करेझचे झरोके मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती एका ओळीतली विहिरींची रांग वाटली होती. अलीकडे गाळ काढून त्याची सफाई झाली. वाकून आत पाहिलं आणि खाली पाणी चमकलं, तेव्हा तिथून हलावंसं वाटेना.

तट, पाणी आणि मग शहर. किल्ल्याबाहेरच्या गावाला स्वतःचा तट आहे, पाच दरवाजे आहेत: शहागंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन आणि तलघाट. बरोबर मध्यावर चौबारा हा उंच गोल बुरूज, आत वळत जाणारा जिना. वरून चारी रस्ते आणि खालचं पठार दिसतं. पहाऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही.

किल्ल्यातल्या महालांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून भराभर. सोळा खांब मशीद. तख्त महाल, जिथे टाइल्समध्ये वाघ आणि उगवता सूर्य हे राजचिन्ह आहे. शर्झा दरवाजा, १५०३ चा, वर दोन कोरलेले वाघ. रंगीन महाल मात्र चुकवू नका. आजचं त्याचं रूप अली बरीदशहाच्या काळातलं, म्हणजे बहमनी सत्ता संपून बरीदशाही आल्यावरचं. लाकडी खांबांवर दाट कोरीव काम आणि काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली वेलबुट्टी. राज्य आटलेलं, मुलूख चार कोसांचा उरलेला, आणि त्या माणसाने एक लहानशी खोली इतक्या मायेने सजवली.

महमूद गावानच्या मदरशाबद्दल बोलल्याशिवाय बिदर पुरं होत नाही. हा इराणातल्या गिलानचा व्यापारी, पुढे बहमनींचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गावाच्या मधोमध तीन मजली मदरसा उभा केला. मधे चौक, चारी बाजूंना उंच कमानीची दालनं, भोवती विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, ग्रंथालय. दर्शनी भागात दोन मिनार, त्यांवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची नागमोडी नक्षी. समरकंदच्या बाजूची इमारत दख्खनच्या लाल मातीत उतरल्यासारखी दिसते. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं बनावट पत्र सुलतानापुढे ठेवलं आणि तिसऱ्या महंमदशहाने त्याचा शिरच्छेद करवला. त्यानंतर राज्य सावरलं नाही. सुभेदार एकेक करून सुटे झाले. औरंगजेबाच्या काळात मदरशाच्या इमारतीत दारूगोळा साठवला होता, त्याचा १६९६ च्या सुमाराला स्फोट झाला. समोरचा एक मिनार आणि त्या बाजूचा मोठा भाग गेला. उरलेल्या मिनारावर टाइल्स अजून आहेत. सकाळी ऊन तिरपं असताना जा.

आज एवढंच. बिदरजवळच्या अष्टूरला बहमनींच्या कबरी आहेत, त्यांबद्दल प्रतिसादांत लिहीन.

---

चिरेबंदी

धागा आवडला, आणि वाचताना घरी आल्यासारखं झालं. आम्ही रत्नागिरीकडचे, जांभा म्हणजे आमचा चिरा. घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, बांध चिऱ्याचा, पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, तीही चिऱ्याचीच. तुम्ही जे पठाराचं वर्णन केलंत त्याला आम्ही सडा म्हणतो. सड्यावर पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात वर थेंब नसतो, पण सड्याच्या पायथ्याला झरा असतोच. आमच्याकडची जुनी गावं त्या झऱ्यांच्या ओळीवर वसलेली आहेत.

एक भर घालतो. चिरा खाणीत असताना नरम असतो, हवा लागली की घट्ट होत जातो. जुने चिरेकाप म्हणायचे, काढल्या काढल्या लावू नये, पाऊस खाऊ द्यावा. तेव्हा खंदक कोरायला सोपा आणि कोरून झाल्यावर वर्षानुवर्षं टणक, या दोन्ही गोष्टी एकाच दगडात मिळतात. तुमच्या 'खंदक हीच खाण' या म्हणण्याला माझा दुजोरा.

बाकी तुमच्या महमूद गावानची आमच्याकडे आठवण वेगळी आहे. कोकणातल्या मोहिमेत त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला आणि १४७२ मध्ये गोवा. त्याआधी १४५३ मध्ये मलिक-उत-तुज्जार हा बहमनी सरदार शिर्क्यांच्या मागे सह्याद्रीच्या जंगलात शिरला आणि फौजेसकट कापला गेला होता. ज्या वर्षी मदरसा पुरा झाला त्याच वर्षी गोवा पडला, हे आज तुमच्यामुळे पहिल्यांदा एकत्र दिसलं.

---

वाटसरू

लेख उत्तम. एक शंका. तट भक्कम, खंदक तिहेरी, मग औरंगजेबाने किल्ला घेतला कसा?

---

माळरान

@चिरेबंदी, 'पाऊस खाऊ द्यावा' हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

@वाटसरू, १६५७ मध्ये औरंगजेब शहजादा असताना त्याने वेढा घातला. तेव्हा बिदर विजापूरच्या आदिलशाहीकडे होतं; बरीदशाही त्यांनी १६१९ मध्येच बुडवली होती. किल्लेदार सिद्दी मर्जान, म्हातारा आणि नेटाचा माणूस. किल्ला २७ दिवस लढला. शेवटच्या हल्ल्यात मोगलांचा एक अग्निबाण आतल्या दारूच्या साठ्यावर पडला. त्या स्फोटात मर्जान आणि त्याची मुलं होरपळली. मग किल्ल्या औरंगजेबाकडे गेल्या आणि गावाचं नाव जफराबाद झालं. ते नाव मात्र लोकांच्या तोंडी बसलं नाही.

बिदरचं दोनदा मोठं नुकसान झालं आणि दोन्ही वेळा घरातल्या दारूने.

---

तारकशी

धागालेखक, बिदरवर एवढं लिहिलंत आणि बिदरी कामावर एक ओळ नाही?

मी या कलेचा कारागीर नाही, पण कारागिरांच्या शेजारी बसून बरंच पाहिलंय. भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. साच्यात ओतून काढतात, कानशीने गुळगुळीत करतात, मग मोरचूद चोळून पृष्ठभाग काळपट करतात, म्हणजे त्यावर टोकाने आखलेली नक्षी उठून दिसते. ही काळी छटा तात्पुरती. छिन्नीने नक्षीचे चर पाडायचे आणि त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तार असेल तर तारकशी, पत्रा असेल तर तहनिशान. पुन्हा घासून सगळं एकसारखं करतात, आणि आता मोरचुदाची काळी छटा गेल्याने चांदी आणि जस्त वेगळं ओळखू येत नाही. इथे किल्ल्यातली माती येते. माती आणि नवसागर पाण्यात कालवून उकळतात, भांडं जरा तापवून त्यात घालतात. जस्त कोळशासारखं काळंभोर होतं, चांदीला काही होत नाही. बाहेर काढून धुतलं की काळ्यावर पांढरी वेल एकदम डोळ्यांसमोर येते. मी कितीही वेळा पाहिलं तरी त्या क्षणी श्वास थांबतो.

माती कुठलीही चालत नाही. जिला वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही, जुन्या बांधकामाच्या आडोशाची, तीच हवी. जुने कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून सांगतात, ही चालेल, ही नाही.

---

माळरान

@तारकशी, चूक कबूल. मुद्दाम ठेवलं होतं असं म्हणणार नाही, राहूनच गेलं. आणि माझ्या मुद्द्याला ते किती धरून आहे बघा: जांभ्याने तट दिला, पाणी दिलं आणि भांड्यालाही रंग दिला.

---

तारकशी

इथे मात्र थांबवते. रंग जांभ्याचा नाही. बाहेर पठारभर जांभ्याची माती पडलेली आहे, ती का नाही चालत? कारण तिच्यावर दर वर्षी पाऊस पडतो. काम करते ती आडोशाला मुरलेली माती, तिच्यात साचलेले क्षार. म्हणजे श्रेय द्यायचं तर छपराला आणि भिंतीला द्या. सगळंच एका दगडाच्या खात्यावर मांडू नका.

---

माळरान

पटलं. मागे घेतो. म्हणजे किल्ला पडका होऊन उघडा पडत गेला तर ही मातीही कमी होत जाणार. या बाजूने मी विचार केला नव्हता.

---

जुन्नरी

मी मूळ जुन्नरचा, म्हणून एक जोड. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि तिथून बिदरला गेला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला होता, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला आणि शेवटी बिदरला विकला गेला. त्याने सुलतानाच्या वाड्याबद्दल लिहून ठेवलंय: सात दरवाजे, प्रत्येक दरवाजाशी शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारे. म्हणजे मदरसा बांधला जात होता जवळपास त्याच वर्षांत हा माणूस गावात फिरत होता. सरदार अफाट श्रीमंत आणि मुलखातली रयत फार हलाखीत, हेही त्याने लिहिलंय. दामाजीपंतांच्या कथेतली भुकेली माणसं आणि त्याची ही ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

---

वाटसरू

हे फार भारी. बरं, अष्टूरचं राहिलं की. आणि एका दिवसात काय काय होईल? मी सोलापूरकडून येणार आहे.

---

माळरान

@जुन्नरी, त्या कारकुनांमुळे विठू महाराची पावती आठवली. शंभर कारकुनांच्या दारातून मोहरा घेऊन गेलेला माणूस! कथा रचणाऱ्यांना तो दरबार कागदावर चालतो हे नक्की ठाऊक होतं.

@वाटसरू, सोलापूरहून हुमनाबादवरून या. एका दिवसात सगळं होईल, पण धावपळ होईल. मी असा क्रम लावेन: सकाळी मदरसा, तिथून पायी चौबारा, मग दुपार चढायच्या आत किल्ला. खंदक आतून बघायची वाट विचारा आणि तिथे वेळ घालवा. रंगीन महाल बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत विनंती करा. नरसिंह झिऱ्याला जायचं असेल तर पाणी किती आहे याची आधी चौकशी करा, आणि लहान मुलं सोबत असतील तर जपून.

दुपारनंतर अष्टूर. वाटेवर चौखंडी लागते, खलीलुल्लाहची. किरमानच्या शाह निमतुल्लाह वलींचा हा मुलगा, अहमदशहाने या घराण्याला मोठ्या मानाने बिदरला आणलं. अष्टकोनी इमारत, काळ्या दगडाची दोरीसारखी कोरलेली किनार, दारावरचं सुलेखन अप्रतिम.

पुढे माळावर बहमनींच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडून घुमट उभा फाटलाय. अर्धा घुमट आकाशात तसाच थांबलेला. एरवी घुमटाची जाडी आणि रचना बघायला नकाशा लागतो, इथे ती उघडी समोर आहे. वास्तुकलेचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी तासभर इथेच बसावं.

आणि अहमदशहा वलीची कबर. बाहेरून साधी. आत गेल्यावर काळोख असतो, डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग वर एकेक रंग उमटायला लागतो: शेंदरी, निळा, सोनेरी. भिंती आणि घुमटाची आतली बाजू सगळी रंगवलेली, फारसी ओळी लिहिलेल्या. इथला उरूस होळीनंतर भरतो, त्यात लिंगायत जंगमाला मानाचं स्थान आहे, आणि पुष्कळ हिंदू या सुलतानाला लिंगायत संत अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. तिथले सेवेकरी आरशाने बाहेरचं ऊन आत घेऊन छत दाखवतात. तो कवडसा घुमटावरून फिरतो तेव्हा बोलू नका.

परत येताना उजेड असेल तर उदगीर रस्त्यावर अली बरीदची कबर. चारी बाजूंनी उघडी, कमानींतून वारा आरपार. अष्टूरच्या अंधारानंतर तिथे बसून बरं वाटतं.

---

चिरेबंदी

मी डिसेंबरात जायचं ठरवलंय. माळरान, नौबादच्या करेझचा झरोका नेमका कुठून दिसतो ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? मला आत वाकून त्याच्या भिंतीवरचे कुदळीचे घाव बघायचे आहेत. आमच्या गावच्या जुन्या विहिरीत तसेच तिरपे घाव आहेत. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून इथेच टाकतो.